डोंगराची वाट कोणासाठी?

जामसांवलीच्या शिवारातून उत्तरेकडे पाहिले म्हणजे सातपुड्याची रांग दिसते. दक्षिणेला नागपूरपर्यंत संत्री आणि कापूस पिकविणारा सखल मुलूख, आणि उत्तरेला सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर जाणारा रस्ता, अशा उंबरठ्यावर आपण राहतो. २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला आणि आपला सौंसर तालुका त्यात गेला, तरी डोंगर होता तेथेच आहे. गावचे निजलेल्या हनुमानाचे देवस्थान दूरवर प्रसिद्ध आहे. तेथे धडधाकट माणसे येतात, तशी काठी टेकीत येणारी, आप्तांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी माणसेही येतात. आपला विश्वास निराळा आहे. परंतु निरनिराळ्या चालीची माणसे एकाच वाटेवर पाहण्याची सवय येथील प्रत्येकाला लहानपणापासून असते. एवढी सवय असूनही जी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही, ती एका पंधरा वर्षांच्या मुलाने आमच्या ध्यानात आणून दिली. तीच आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मंडळीच्या तरुण संघाची सहल घाटाखालच्या एका टेकडीवर गेली होती. पंचवीसेक मुलेमुली होती. त्यांत एक मुलगा जन्मापासून एका पायाने अधू. टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा डबे, पाण्याची पिंपे, सतरंज्या असे पुष्कळ सामान होते. आम्ही सहज म्हणालो, "तू येथे सामानापाशी बस, आम्ही तासाभरात वर जाऊन येतो." तो बसला. तासाचे अडीच तास झाले. वर गाणी झाली, प्रार्थना झाली, छायाचित्रे काढली. खाली आलो तेव्हा तो महुआच्या झाडाखाली बसला होता आणि माकडांनी एकाही डब्याला हात लावला नव्हता.

त्याला बरे वाटावे म्हणून जेवणापूर्वी आम्ही पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायातील हकिकत सांगितली. सिकलाग जळाल्यावर दावीद सहाशे लोक घेऊन अमालेक्यांचा पाठलाग करीत निघाला. बसोर ओहोळापाशी दोनशे लोक इतके थकले की त्यांना पुढे जाववेना. ते सामानापाशी राहिले आणि चारशे पुढे गेले. लूट परत मिळाल्यावर काही जण म्हणू लागले की मागे राहिलेल्यांना वाटा देऊ नये. तेव्हा लढाईस गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखाच असा नियम दावीदाने घालून दिला. "तेव्हा आजच्या आनंदात तुझाही सारखाच वाटा आहे," असे आम्ही समारोपादाखल म्हणालो. आमच्या मते बोध चांगला झाला होता.

तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, ते दोनशे जण थकले होते. मी थकलो नव्हतो. मला कोणी विचारलंच नाही."

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर सुचले नाही, पुढच्या रविवारीही सुचले नाही. वचन खरे होते, परंतु आम्ही ते चुकीच्या जागी लावले होते. पवित्र शास्त्राचा उपयोग आम्ही आमच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्यासाठी केला, ही गोष्ट उपदेशकाला सहज विसरता येण्याजोगी नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्यामागे लागला. डोंगराची वाट कोणासाठी असते? ज्याचे पाय बळकट त्याच्यासाठी, की सर्वांसाठी? आणि सर्वांसाठी म्हणावे, तर दुर्बळाचे आपण नेमके काय देणे लागतो?

पहिले उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या ओठांवर असते. देवानेच कोणाला अधिक बळ दिले, कोणाला कमी. डोंगर उंच आहे यात कोणाचा दोष? ज्याला चढवेल त्याने चढावे, ज्याला चढवणार नाही त्याने खालून पाहावे. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, तो नाकारू नये. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात सीनाय पर्वताचे वर्णन आले आहे. लोक पायथ्याशी आहेत. अहरोन, नादाब, अबीहू आणि सत्तर वडील काही उंचीपर्यंत जातात. मोशे एकटा शिखरावरील मेघात शिरतो. सर्वांनी एकाच उंचीवर गेले पाहिजे असे तेथे कोठेही नाही. तथापि एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. जे वडील मध्येच थांबले त्यांना तेथेच देवाचे दर्शन झाले आणि तेथेच ते जेवले व प्याले. त्यांच्यासाठी मधली जागा ही अर्धवट राहिलेली चढण नव्हती. ती त्यांची भेटीची जागा होती. आमच्या सहलीत मधली जागा मुळी नव्हतीच. एक तर शिखर, नाही तर सामान.

दुसरे उत्तर याच्या उलट आहे. काळ सुधारला आहे, तेव्हा प्रत्येक डोंगरावर मोटार न्यावी किंवा पाळणा लावावा, म्हणजे प्रश्नच मिटला. या उत्तराची परीक्षा आपल्याच सातपुड्यात पाहावयास मिळते. पचमढीला धूपगड हे सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. त्याच्या माथ्यापर्यंत जीप जाते. जवळच चौरागड आहे, उंचीने त्याहून थोडा कमी. परंतु तेथे सुमारे तेराशे पायऱ्या चढून जावे लागते. महाशिवरात्रीला आपल्या भागातून आणि विदर्भातून हजारो लोक खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन त्या पायऱ्या चढतात. आता पाहा, उंच शिखर ज्याच्या खिशात जीपचे भाडे आहे त्याला मोकळे, आणि त्याहून बुटके शिखर ज्याच्या पायांत बळ आहे त्याला मोकळे. ज्याच्याजवळ पैसाही नाही आणि पायही नाहीत, तो दोन्हीकडे खालीच राहतो. यंत्राने अडथळा नाहीसा केला नाही, त्याची जागा बदलली. शिवाय प्रत्येक माथ्यावर मोटार गेली तर ज्या शांततेसाठी माणूस डोंगरावर जातो तीच उरणार नाही, हे निराळे सांगावयास नको. जीप वाईट असे आमचे म्हणणे नाही. थकलेल्या आईला धूपगडावरून सूर्यास्त दाखविणाऱ्या मुलाला आम्ही दोष देणार नाही. परंतु जीप ठेवली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानणे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट आणखी कठीण आहे. दुर्बळाला वर नेण्याची किंमत कोण देतो? मुंबईजवळचे माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट या इंग्रज अंमलदाराच्या नजरेस आले, १९०७ साली तेथे छोटी आगगाडी सुरू झाली, आणि आजही तेथे सामान्य मोटारींना बंदी आहे. ही बंदी म्हणजे त्या डोंगराचे भूषण. परंतु ज्यांना चालवत नसे त्यांच्यासाठी तेथे माणसाने ओढावयाच्या रिक्षा होत्या. पाहुण्याच्या पायांना विसावा मिळावा म्हणून दुसऱ्या माणसाने लाल मातीच्या चढावर छाती फुटेपर्यंत ओढावे, असे पिढ्यानपिढ्या चालले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही असे ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी, त्या जागी विजेवरील रिक्षा द्याव्यात आणि ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय करावी, असा आदेश दिला.

येथे कोणी म्हणेल, मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षघाती माणसाला बाजेसकट उचलून आणले नाही काय? होय, आणले, आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. परंतु त्या चौघांना घरी चूल पेटत नव्हती म्हणून त्यांनी ती बाज उचलली नव्हती. उचलण्यात दोन जाती आहेत. एक प्रीतीचे उचलणे आणि एक भुकेचे उचलणे. पहिल्याने उचलणारा आणि उचललेला दोघेही मोठे होतात. दुसऱ्याने दोघेही लहान होतात, जरी दाम चोख मोजला असला तरी. म्हणून दुर्बळासाठी वाट करताना ती दुसऱ्या दुर्बळाच्या पाठीवरून तर जात नाही ना, हे पाहिले पाहिजे.

आणि ज्याला आपण सहलीची पायवाट म्हणतो ती दुसऱ्या कोणाचा रोजचा रस्ता असते, हेही विसरू नये. आपल्याच शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, तामियाजवळ, पाताळकोट आहे. घोड्याच्या नालेसारखी ती खोल दरी, बाराशे-पंधराशे फूट खाली, आणि तिच्यात गोंड व भारिया लोकांची बारा गावे. वरच्या कड्यावरून पाहणाऱ्याला ती दरी फार रम्य दिसते. परंतु तेथील लोकांना बाजारहाटासाठी डोक्यावर ओझे घेऊन उभा कडा चढावा लागे, आणि आजाऱ्याला डोलीत घालून वर आणावे लागे. आता काही गावांपर्यंत रस्ता उतरला आहे. त्या अवघड पायवाटा जशाच्या तशा राहाव्यात असे एखाद्या प्रवाशाला वाटले, तर बाळंतीण बाईला डोलीतून वर आणणाऱ्यांना त्याने एकदा विचारावे. कष्ट स्वतः निवडले तर त्यात गोडी असते. दुसऱ्यावर लादले तर तो केवळ भार असतो.

मग योग्य काय? आम्हांला जे थोडे कळले ते असे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात वाचकांना सांगितले आहे की आपल्या पावलांसाठी वाटा सरळ करा, म्हणजे जे लंगडे आहे ते उखळून जाण्याऐवजी बरे होईल. हे वचन आम्ही कितीदा वाचले असेल; परंतु त्यात आज्ञा कोणाला केली आहे हे कधी पाहिले नव्हते. लंगड्याला त्याच्या पायाविषयी काही सांगितलेले नाही. सांगितले आहे ते वाट करणाऱ्यांना, वाटेविषयी. आपण नेमके उलट करतो. वाट आहे तशीच ठेवतो आणि ज्याला ती जमत नाही त्याच्याकडे वळून म्हणतो, तुला धीर कमी, तुझा विश्वास कमी.

इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात या वचनाला साजेसे काम झालेले दिसते. तेथे कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या ज्यांवर नाहीत अशा चाळीसहून अधिक वाटा निवडून त्यांच्या तीन प्रती ठरविल्या आहेत: सर्वांसाठी, पुष्कळांसाठी आणि काहींसाठी. चढ किती, जमीन कशी, वाट किती रुंद, हे पाहून ती प्रत ठरते आणि निघण्यापूर्वीच ते सांगितलेले असते. आम्हांला यातील दोन गोष्टी आवडल्या. पहिली, सर्व डोंगर सपाट केलेला नाही. कठीण वाटा कठीणच आहेत. दुसरी, तुला हे जमणार नाही असे कोणी कोणाला सांगत नाही. वाट कशी आहे ते खरेखरे सांगतात आणि ठरविणे चालणाऱ्यावर सोपवितात. चाकाच्या खुर्चीत बसणारा, लहान मूल घेतलेली आई, गुडघे दुखणारा म्हातारा, सर्व जण तोच फलक वाचतात आणि आपापले ठरवितात. त्या मुलाचे म्हणणे हेच होते.

हे थोड्या लोकांचे गाऱ्हाणे आहे असेही समजू नये. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे पूर्वीचे ७ प्रकार वाढवून २१ केले. पण जनगणनेत न येणारे कितीतरी आहेत. आज तरतर चढणारा तरुण उद्या तापातून उठलेला असतो, परवा त्याच्या कडेवर मूल असते आणि चार दिवसांनी त्याच्या हातात काठी असते. बळकट आणि दुर्बळ अशी माणसांची दोन गावे नाहीत. एकच गाव आहे आणि त्यातील घरे आपण आळीपाळीने बदलतो.

उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसाव याकोबाला आपल्याबरोबर चाल म्हणतो. तेव्हा याकोब विनवितो की मुले कोवळी आहेत, गुरेमेंढरे पाजणारी आहेत, एक दिवस जरी त्यांची फार दौड केली तर कळप मरेल. तरी आपण पुढे व्हावे, मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीने हळूहळू येईन. हे बोलणारा याकोब कोण होता? यब्बोकेच्या काठी रात्रभर झोंबी करून ज्याच्या जांघेचा सांधा उखळला होता आणि जो लंगडत होता, तो. जन्मभर दुसऱ्याला मागे टाकून पुढे जाण्याची धडपड करणारा हा माणूस. पाय अधू झाल्यावर शास्त्रात त्याच्या तोंडी मुलांच्या चालीने चालण्याची भाषा येते. देवाचा आशीर्वाद कधी कधी चाल मंद करूनच येतो, असे आम्हांला वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एक पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा २०१३ साली एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचल्या. त्याआधी २००१ साली एरिक वाइहेनमायर या अंध गिर्यारोहकाने तेच शिखर गाठले होते. अशा माणसांपुढे आदराने मान लवते. परंतु त्यांची उदाहरणे देऊन, "ते करू शकले, मग तुला का जमू नये?" असे कोणाला म्हणणे म्हणजे त्यांच्या पराक्रमाची काठी करून दुसऱ्याला मारणे होय. शिखरावर गेला तरच मान, असा नियम आपण डोळस आणि धडधाकट लोकांना लावीत नाही. मग तो त्यांनाच का लावावा?

हा सर्व विचार केवळ डोंगरापुरता नाही, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. आमच्या उपासनामंदिराला सहा उंच पायऱ्या आहेत आणि धरावयास कठडा नाही. सभा लांबली म्हणजे कोणाला उठून जावे लागते आणि जाताना कोणाला लाज वाटते, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांना गुडघे टेकवत नाहीत अशा काही बहिणी मागच्या बाकावरच बसून राहत. आम्हांला वाटे त्यांची मनाची तयारी नाही. गीतपुस्तकाचा बारीक टाइप, दूरची प्रार्थनासभा, रात्रीची वेळ, यांतील प्रत्येक गोष्ट कोणाला तरी सामानापाशी बसवीत असते. आणि आपण मोठ्या मनाने म्हणतो की त्यांचाही वाटा सारखाच आहे.

दावीदाची हकिकत आम्ही पुन्हा वाचली. पूर्वी नजरेतून सुटलेले एक वाक्य या वेळी दिसले. दावीद परत आला तेव्हा लुटीची वाटणी करण्यापूर्वी तो त्या दोनशे लोकांजवळ गेला आणि त्याने त्यांचे क्षेमकुशल विचारले. वाटा मागून आला, विचारपूस आधी झाली. आम्ही वाटा देण्याची घाई केली आणि विचारण्याचे राहून गेले.

पुढच्या वर्षी सहल ठरली तेव्हा आम्ही आधी त्या मुलाच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. मग वाट कशी आहे ते सांगितले. पहिला भाग बैलगाडीच्या वाटेचा, ओढ्यापर्यंत. त्यापुढे दगड आणि मुरूम. शेवटी उभी चढण. "तुला काय वाटते?" असे विचारले. त्याने थोडा विचार करून म्हटले, "ओढ्यापर्यंत येईन. पुढचं तिथे गेल्यावर बघू." म्हणून त्या वर्षी जेवण, गाणी आणि प्रार्थना शिखरावर न ठेवता ओढ्याकाठी ठेवली. ज्यांना पुढे जावयाचे होते ते जेवणानंतर गेले.

एक गोष्ट मात्र आमच्या अंदाजाबाहेर घडली. ओढ्यापर्यंतच जावयाचे आहे असे रविवारी जाहीर केल्यावर चार जणांनी आपली नावे आणून दिली. एक वृद्ध सभासद, धाप लागणारी एक बहीण आणि दोन आजीबाई. दरवर्षी सहलीच्या दिवशी यांना घरी काही ना काही काम असे. काम नव्हते. वाट नव्हती. त्यांच्यापैकी एक आजीबाई ओढ्यात पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या की लग्न होऊन या गावी आल्यापासून हा डोंगर रोज दिसतो, पण जवळून आज पाहिला.

तो मुलगा त्या दिवशी ओढ्यापुढे गेला नाही. वर निघालेल्यांकडे त्याने बराच वेळ पाहिले. त्याला वाईट वाटले नाही असे आम्ही म्हणणार नाही; ते आम्हांला ठाऊक नाही आणि आमच्या समाधानासाठी तसे लिहू नये. एवढे खरे की थांबावयाचे कोठे हे त्याने स्वतः ठरविले, आणि या वेळी सामान राखावयास कोणालाच ठेवावे लागले नाही, कारण सामान होते तेथेच मंडळी होती.

वाचकहो, आपल्या मंडळीत आज सामानापाशी कोण बसले आहे? त्याचे नाव आठवून पाहा. त्याला बोध करण्यापूर्वी त्याच्याजवळ जा आणि विचारा. वाटेचा उभा चढ तोडणे आपल्या हाती नसेल, परंतु ओढ्याकाठी सतरंजी अंथरणे तर आहे. जो स्वतः थकून विहिरीपाशी बसला आणि वाटेत आंधळ्याची हाक ऐकून थांबला, तो प्रभू आपल्या पावलांना योग्य चाल शिकवो.